गिअरतेलाच्या डब्यावरील आकड्यांचा अर्थ

मोटारीच्या हस्तचलित गिअरपेटीत कोणते तेल घालावे, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रशास्त्राचा आहे. तथापि त्याचे उत्तर देताना ज्या चुका होतात, त्यांपैकी पुष्कळशा यंत्राविषयीच्या अज्ञानातून उद्भवत नाहीत. त्या वाचनातून उद्भवतात. डब्यावर अवघी दोन चिन्हे महत्त्वाची असतात. एक '७५डब्ल्यू-९०' अशा धर्तीचे व दुसरे 'जीएल-४' अशा धर्तीचे. ही चिन्हे ज्या व्यवस्थेत जन्मली त्या व्यवस्थेचे नियम वाचणाऱ्यास ठाऊक नसतात. मग तो आपल्या भाषेतील अंकांच्या सवयीने त्यांचा अर्थ लावतो, आणि तो अर्थ अनेकदा नेमका उलट निघतो. दोन-अडीच लिटर तेलाच्या निवडीतील ही चूक पुढे गिअरपेटी उतरवून उघडण्यापर्यंत जाऊ शकते. ज्याचे पोट मोटारीवर चालते, त्याला मजुरीच्या जोडीला तितक्या दिवसांची कमाईही गमवावी लागते. म्हणून चिन्हार्थाच्या अभ्यासकाने या क्षुल्लक दिसणाऱ्या डब्याकडे लक्ष देणे अप्रस्तुत ठरणार नाही.

प्रारंभ 'वंगण' या शब्दापासूनच करणे इष्ट. हा शब्द मराठीत मोटारीबरोबर आलेला नाही. तो बैलगाडीच्या चाकाबरोबर नांदत आला आहे. गाडीच्या आसाला वंगण द्यावयाचे ते चाक कुरकुरू नये, आस झिजू नये व बैलांना ओढ कमी पडावी यासाठी. तेथे वंगणाचे कार्य एकच, घर्षण कमी करणे. साहजिकच या शब्दाभोवती जो अर्थ साठला आहे तो निसरडेपणाचा आहे, आणि जितके अधिक निसरडे तितके वंगण चांगले ही समजूत त्या अर्थातच अध्याहृत आहे. इंजिनाच्या बाबतीत ही समजूत फारशी नडत नाही. हस्तचलित गिअरपेटीत मात्र ती नडते. तेथे त्याच तेलाकडून एका ठिकाणी घर्षण टाळण्याची, तर चार बोटे अंतरावर घर्षण होऊ देण्याची अपेक्षा असते.

हे कसे, ते समजण्यासाठी पेटीच्या आत काय घडते याकडे पाहिले पाहिजे. आजच्या गिअरपेटीत पुढे जाण्याच्या गिअरांच्या चाकांच्या जोड्या सदैव एकमेकींत गुंतलेल्याच असतात. चालक दांडी सरकवून 'गिअर टाकतो' तेव्हा दात दातांत नव्याने अडकवले जात नाहीत. दंडावर मोकळे फिरणारे एक चाक त्या दंडाशी जखडले जाते, इतकेच. जखडण्याचे हे काम एक सरकती बाही करते. अडचण अशी की, त्या क्षणी दंडाचा वेग आणि त्या मोकळ्या चाकाचा वेग भिन्न असतो. भिन्न वेगाने फिरणाऱ्या दोन दंतुर वस्तू एकमेकींत ढकलल्या की जो आवाज निघतो तो जुन्या चालकांच्या चांगल्या परिचयाचा होता. तो टाळण्यासाठी ते क्लच दोनदा दाबीत व मधल्या क्षणी अंदाजाने इंजिनाचा वेग जुळवून घेत. हे कौशल्य अंगी बाणण्यास बराच काळ लागे.

१९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने पुढील वर्षाच्या आपल्या मोटारींत जी समवेगी यंत्रणा आणली, तिने या कौशल्याची गरज संपुष्टात आणली. तिचे मर्म एका कड्यात आहे. हे कडे बहुधा पितळेचे किंवा तत्सम ताम्रमिश्र धातूचे असते. त्याचा आतील पृष्ठभाग शंकूसारखा निमुळता असून चाकाच्या तशाच निमुळत्या पोलादी भागावर तो बसतो. बाही सरकू लागली की प्रथम कडे त्या शंकूवर दाबले जाते. दोहोंत घर्षण होते, त्या घर्षणाने चाकाचा वेग दंडाच्या वेगाशी जुळतो, आणि मगच बाहीला पुढे जाण्यास वाट मिळते. हे सारे निमिषार्धात घडते. कड्याच्या आतील अंगाला बारीक खाचा कोरलेल्या असतात त्या मधला तेलाचा पापुद्रा कापून बाजूला सारण्यासाठी. पापुद्रा वेळेवर बाजूला झाला नाही तर कडे शंकूवर नुसते घसरते, वेग जुळत नाही, आणि गिअर खरखरतो. म्हणजे दातांवर व बेअरिंगांवर टिकून राहणारे, पण शंकूवरून आज्ञाधारकपणे दूर होणारे, असे तेल गिअरपेटीला हवे असते. ज्याला मराठीत सरसकट 'वंगण' म्हटले जाते त्याच्या ठायी येथे आवर घालण्याचाही गुण असावा लागतो. या दुसऱ्या गुणासाठी मराठीत रूढ शब्द नाही, आणि शब्द नसल्यामुळे तो गुण मागावा हेही गिऱ्हाइकास सुचत नाही.

आता दुसरे यंत्र. मागील चाके फिरविणाऱ्या मोटारीत, उदाहरणार्थ २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अँबेसडरमध्ये, गिअरपेटी पुढे असते व मागच्या आसाच्या मध्यभागी दुसरी एक स्वतंत्र दंतचक्रांची जोडी असते. लांब दांड्यातून आलेली गती काटकोनात वळवून चाकांना देणे हे तिचे काम. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या ठिकाणी 'हायपॉइड' नावाच्या जोडीचा वापर सुरू झाला. पॅकार्ड ही अमेरिकन कंपनी तिचा अवलंब करणाऱ्यांत अग्रेसर होती. या जोडीत लहान चाकाचा अक्ष मोठ्या चाकाच्या मध्यापासून थोडा खाली असतो. त्यामुळे दांडा खाली येतो, मोटारीचा तळ खाली घेता येतो व दातही बळकट करता येतात. पण त्याची किंमत अशी की, दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते लांबवर घासतही जातात, आणि तेही प्रचंड दाबाखाली. साधे खनिज तेल हा दाब सोसू शकत नाही. पापुद्रा फाटतो, धातू धातूला भिडतो व क्षणभर जोडलाही जातो. यावर उपाय म्हणून तेलात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे मिसळतात. संपर्कस्थानी उष्णता वाढली की ही संयुगे लोखंडाशी संयोग पावतात व एक अतिसूक्ष्म थर निर्माण करतात; मग दातांऐवजी तो थर झिजतो. त्याग करावयाचा तो या थराने, अशी ही योजना आहे.

'जीएल' या अक्षरांचा उगम येथे आहे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेने गिअरतेलांचे जे वर्ग पाडले त्यांना हे अक्षरद्वय लावले जाते. 'गिअर ल्यूब्रिकंट' या शब्दांची ती आद्याक्षरे होत. जीएल-१ म्हणजे दाबरोधक संयुगे नसलेले साधे तेल. जीएल-४ हे मध्यम वेगाच्या व मध्यम भाराच्या हायपॉइड जोड्यांसाठी, तर जीएल-५ हे जबर धक्के, मोठा वेग किंवा मोठा पीळ सोसणाऱ्या हायपॉइड जोड्यांसाठी. जीएल-४ मध्ये दाबरोधक संयुगांचे प्रमाण जीएल-५ च्या साधारणतः निम्मे असते. यांपैकी जीएल-२, जीएल-३ व पुढे आलेला जीएल-६ हे वर्ग जीएल-१ प्रमाणेच संस्थेने आता चालू वर्गांतून वगळले आहेत.

या व्याख्या काळजीपूर्वक वाचल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते, आणि प्रस्तुत विवेचनाचा सारा भर तिच्यावर आहे. त्या प्रामुख्याने मागच्या आसाविषयी बोलतात. पितळी कडे त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी नाही. जीएल-४ च्या वर्णनात काही निवडक हस्तचलित गिअरपेट्यांत ते चालेल असा उल्लेख आहे, पण तो जोडून दिलेला. अर्थात चारानंतर पाच ही चढण आसावरील भाराची आहे. गिअरपेटीच्या दृष्टीने पाहता चार व पाच ही दोन भिन्न अवयवांची नावे आहेत. एकाच पायरीचे खालचे-वरचे टप्पे ती नव्हेत.

मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, हे अंक वाचणारा त्यांना क्रमवाचक मानतो, आणि क्रमात पुढचा तो श्रेष्ठ असे गृहीत धरतो. पाचवी इयत्ता चौथीच्या वर, तसे हे. या गृहीताला बळकटी मिळते ती त्याच संस्थेच्या दुसऱ्या मालिकेमुळे. पेट्रोल इंजिनाच्या तेलांसाठी तिने एसए, एसबी, एससी अशी अक्षरे दिली. २०२० साली एसपी व २०२५ साली एसक्यू हे वर्ग आले. या मालिकेत पुढचे अक्षर नवे व अधिक कसोट्यांस उतरलेले असते, आणि सामान्यतः जुन्या इंजिनातही ते चालते. एकाच संस्थेची दोन चिन्हमालांतील नियमांची ही विसंगती आहे. इंजिनाचे तेल घेताना 'सर्वांत पुढचे द्या' म्हणणारा गिऱ्हाईक शहाणा ठरतो, आणि तोच शेजारच्या फळीवरील गिअरतेलाविषयी तेच वाक्य उच्चारतो तेव्हा फसतो. दोष त्याच्या बुद्धीचा नाही. त्याने एका ठिकाणी शिकलेला नियम दुसरीकडे लावला, आणि भाषा शिकताना मूलही हेच करते.

जीएल-५ गिअरपेटीत घातल्यास काय होते? गॅरेजमधील उत्तर ठरलेले आहे: 'ते पितळ खाते.' या उत्तरात तथ्य आहे, पण अर्धेच. क्रियाशील गंधक उष्णतेत तांब्यावर परिणाम करते हे खरे. म्हणूनच गिअरतेलाची एक प्रमाणित कसोटी अशी आहे की, घासून स्वच्छ केलेली तांब्याची पट्टी १२१ अंश सेल्सिअस तापमानाच्या तेलात ३ तास ठेवावी व तिच्यावर पडलेला डाग नमुन्यांशी ताडून पाहावा. आजची बरीचशी जीएल-५ तेले पूर्वीइतकी दाहक राहिलेली नाहीत. खरा प्रश्न उरतो तो घर्षणाचा. दातांचे रक्षण करणारी संयुगे कड्याच्या पृष्ठभागाचीही पकड बदलतात. कडे खाल्ले गेले नाही तरी ते हवे तेव्हा धरत नाही. मग चालक दांडी रेटतो, आणि कडे झिजते ते त्या रेटण्याने. 'खाते' या क्रियापदाने हा दुसरा, अधिक नित्याचा प्रकार झाकला जातो. शिवाय एखाद्या उत्पादकाने 'हे तेल पितळेस अपायकारक नाही' असे छापले तर गॅरेजमधील आक्षेपाला उत्तर मिळाल्यासारखे वाटते. वस्तुतः पकडीविषयी त्यात अवाक्षरही नसते.

डब्यावरील दुसरे चिन्ह श्यानतेचे, म्हणजे बोलभाषेत दाटपणाचे. अंक मोठा तर गुण मोठा ही समजूत येथेही डोकावते. वास्तविक मराठी भाषकाला तिच्या विरुद्ध जाणारी उदाहरणे परकी नाहीत. इचलकरंजीच्या मागावर ऐंशी नंबरचे सूत चाळीस नंबरपेक्षा बारीक असते. तारेचा गेज वाढला की तार पातळ होते. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कोणी आनंदित होत नाही. 'नंबर' हा शब्द मराठीत प्रमाण, क्रम व निव्वळ नाव या तिन्ही अर्थांनी वावरतो, आणि कोणता अर्थ घ्यावयाचा हे त्या त्या धंद्यातील माणूस अनुभवाने शिकतो.

'नव्वद नंबर' हे तेलाचे नावच आहे. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या सोसायटीने, म्हणजे एसएई या संस्थेने, इंजिनतेलांचे व गिअरतेलांचे क्रमांक वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवले आहेत. इंजिनाचे क्रमांक साठावर थांबतात, गिअरचे त्यापुढे सुरू होतात. एकाच्या जागी दुसरे घेतले जाऊ नये याची ती सोय आहे. परंतु या सोयीनेच एक भ्रम निर्माण केला. नव्वद हे चाळिसाच्या दुपटीहून अधिक, तेव्हा नव्वद नंबरचे गिअरतेल चाळीस नंबरच्या इंजिनतेलाहून दुपटीने दाट असले पाहिजे, असे वाटते. प्रत्यक्षात १०० अंश सेल्सिअसला नव्वद नंबरच्या गिअरतेलाची श्यानता १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक या मर्यादेत असते. चाळीस नंबरच्या इंजिनतेलाची १२.५ ते १६.३ व पन्नास नंबरची १६.३ ते २१.९. म्हणजे नव्वद, चाळीस व पन्नास ही जवळजवळ एकाच दाटपणाची तीन नावे आहेत. दोन पट्ट्यांतील आकड्यांची वजाबाकी करणे म्हणजे पुण्याच्या घरक्रमांकातून नागपूरचा घरक्रमांक वजा करण्यासारखे आहे.

'डब्ल्यू' हे अक्षर इंग्रजीतील हिवाळ्याच्या शब्दाचे आद्याक्षर. त्याआधीचा आकडा तापमान दर्शवितो असा समज आहे, तोही चुकीचा. तेलाची श्यानता दीड लाख सेंटिपॉइजपर्यंत चढण्यापूर्वी ते किती थंडी सोसू शकते, यावरून हा वर्ग ठरतो. ७५डब्ल्यूसाठी ही मर्यादा उणे ४० अंश, ८०डब्ल्यूसाठी उणे २६ व ८५डब्ल्यूसाठी उणे १२ अंश आहे. महाराष्ट्रात कोठेही इतकी थंडी पडत नाही. म्हणून हा आकडा येथे निरर्थक आहे, आणि उष्ण प्रदेशात दाट तेल बरे, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. जुन्या पिढीतील काही मिस्त्री थेट एकशेचाळीस नंबर सुचवितात. हे तेल १०० अंशांनाही २४ ते ३२.५ सेंटिस्टोक इतके दाट असते. समवेगी कड्याच्या दृष्टीने हा सल्ला अनिष्ट आहे. डिसेंबरच्या पहाटे नाशिकला १० अंश तापमानात उभी असलेली मोटार सुरू केली तर गिअरपेटीतील तेलही १० अंशांवरच असते. त्या वेळी दाट तेलाचा पापुद्रा खाचांतून वेळेवर निघत नाही व पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना दांडी अडते. ७५डब्ल्यू तेल तेथेही तुलनेने प्रवाही राहते. उणे ४० हा आकडा नाशिकला लागू नसेल. ज्या गुणाची ती खूण आहे, तो मात्र लागू आहे. एकशेचाळीसने जुनी, झिजलेली पेटी थोडी शांत वाटू लागते हे खरे, पण तो आवाजावरचा उपाय झाला.

तेलाची निवड गिअरतेलाच्या फळीपुरतीच मर्यादित असते असेही नाही. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश मिनी मोटारीत गिअरपेटी इंजिनाच्या तळाशीच बसविलेली होती व दोहोंना एकच इंजिनतेल पुरे. अमेरिकेतील बोर्ग-वॉर्नर टी-५ ही हस्तचलित पेटी स्वयंचलित पेटीसाठी बनविलेल्या पातळ द्रवावर चालते. होंडा कंपनी आपल्या हस्तचलित पेट्यांसाठी स्वतंत्र द्रव सांगते. त्यामुळे 'हस्तचलित पेटी म्हणजे नव्वद नंबर' हे समीकरणही टिकत नाही. दुकानात 'ट्रान्समिशन ऑइल' मागणाऱ्याला काय मिळेल हे तर दुकानदाराच्या मनातील अर्थावर अवलंबून आहे. इंग्रजीत हा शब्द बहुधा स्वयंचलित पेटीच्या द्रवाकडे झुकतो, मराठी बोलण्यात तो गिअरपेटी व मागचा आस या दोहोंनाही लावला जातो.

येथे मोटारीच्या रचनेचा भेद लक्षात ठेवल्यास गोंधळ बराच कमी होतो. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० सारख्या, पुढील चाके फिरविणाऱ्या व इंजिन आडवे बसविलेल्या मोटारीत गती काटकोनात वळवावीच लागत नाही. शेवटची जोडी साध्या तिरप्या दातांची असते व ती गिअरपेटीच्याच कवचात, त्याच तेलात फिरते. हायपॉइड नाही, तेव्हा जीएल-५ ची मागणी करणारा अवयवच तेथे नाही. मागील चाके फिरविणाऱ्या मोटारीत मात्र दोन अवयव, दोन मागण्या आणि म्हणून बहुधा दोन निरनिराळे डबे असतात. दोन्ही ठिकाणी एकाच पिंपातून तेल ओतण्याची गॅरेजमधील सवय सोयीची असेल, योग्य नव्हे. 'जीएल-४/जीएल-५' असे जोडनाव असलेला डबा ही सोय अधिकृत करून देतो असे वाटते. पण त्यातील तिरपी रेघ 'आणि' आहे की 'किंवा' हे ती रेघ सांगत नाही. फार तर ते तेल आसाच्या दोन्ही कसोट्यांस उतरते एवढाच तिचा अर्थ. ज्या तेलात पाचव्या वर्गाइतकी संयुगे आहेत ते चौथ्या वर्गाचे नाव धारण केल्याने कड्याला अधिक मानवेल असे नाही.

अंतिम अधिकार मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेचा. कड्याचा धातू व खाचांची घडण उत्पादकालाच ठाऊक असते. काही पेट्यांत कड्यांवर कार्बनाचा किंवा मॉलिब्डेनमचा थर असतो व त्यांची गरज आणखी निराळी असते. पण पुस्तिकेच्या मराठी अनुवादात एक बारीकशी उणीव राहून जाते. मूळ इंग्रजी वाक्यात तेलाचा वर्ग दिलेला असतो. अनुवादक 'जीएल-४ तेल वापरावे' असे लिहितो. हे वाक्य निर्दोष आहे, पण त्यात निषेध नाही. वाचणारा त्यात 'किमान' हा शब्द मनाने घालतो: किमान जीएल-४, तेव्हा जीएल-५ असल्यास उत्तमच. मराठीजवळ यावर एकाक्षरी साधन आहे. 'जीएल-४च वापरावे' यातील 'च' हे अव्यय वरचा व खालचा, दोन्ही पर्याय बंद करते. इंग्रजीला त्यासाठी स्वतंत्र शब्द योजावा लागतो. तांत्रिक लेखनात 'च' बोलभाषेचा वाटतो म्हणून तो टाळण्याकडे कल असतो. या स्थळी तो टाळणे महागात पडते.

काही पुस्तिकांत गिअरपेटीतील तेल 'आयुष्यभरासाठी' असल्याचे म्हटलेले असते. आयुष्य कोणाचे, हे वाक्यात नसते. तेलाचे असेल तर विधान पुनरुक्त आहे, पेटीचे असेल तर ते किती हे आधी सांगावयास हवे. जड ओझे, घाट व शहरातील सततचे गिअर बदलणे यांत तेलात धातूची पूड साठत जाते व तेलही जीर्ण होते. अशा वापरात ते कधीतरी बदलणे हिताचे.

बदलताना आधी भरण्याचा नट सैल होतो की नाही ते पाहावे, मगच तळाचा उघडावा. तळाचा उघडून तेल सांडून गेले व वरचा गंजून बसला असेल तर मोटार जागच्या जागी अडकते. तेल बहुतेक पेट्यांत भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत, मोटार सपाट जागी उभी असताना, घालतात. निघालेले जुने तेल फेकण्यापूर्वी उजेडात धरावे. तळाच्या नटाला चुंबक असेल तर त्यावर राखी रंगाचा मऊ लेप दिसेल. तो पोलादाचा असून नित्याचा आहे. चुंबकाला न चिकटता तेलात पिवळसर चमकणारी बारीक कणी दिसली तर ती कड्यांची आहे. कणी पुष्कळ असल्यास नवे तेल, ते कितीही अचूक निवडलेले असले तरी, गेलेले पितळ भरून आणणार नाही. अशा वेळी पेटी उघडून कडीच बदलावी लागतात.